वाळवंट कुणाचे?

नगररचनेच्या कचेरीत नकाशे रंगविण्यात माझी उमेदीची तीस वर्षे गेली. हल्ली ते काम संगणकावर होते. आमच्या वेळी ट्रेसिंग कापडावर शाईने रेघ ओढायची, तिच्या प्रती काढायच्या आणि मग एकेका तुकड्यात रंग भरायचा. राहण्याच्या जागेला पिवळा, दुकानदारीला निळा, कारखान्यांना जांभळा, बागबगीचे आणि शेतीला हिरवा. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावी जांभळ्या रंगाची बाटली लवकर संपे. देवळे, मशिदी, चर्चे यांचीही सोय होती. सार्वजनिक उपयोगाच्या इमारतींत त्यांची गणना होई. पण वर्षातले चार-पाच दिवस देवाची आणि उरलेले तीनशे साठ दिवस गुरांची, पोरांच्या क्रिकेटची किंवा नुसत्या वाऱ्याची, अशा जागेला कोणता रंग द्यायचा, हे मला एकाही साहेबाने कधी सांगितले नाही. आणि आमचा जिल्हा तर असल्याच जागांनी भरलेला! गावात होम मैदान, पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट, आणि माळशिरस तालुक्यात माउलींच्या पालखीची रिंगणे.

नकाशा रंगवून झाला म्हणजे तो लोकांपुढे मांडावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची तशी अटच आहे. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करायचे, हल्लीच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत हरकती मागवायच्या, समितीपुढे सुनावणी घ्यायची आणि मग सरकारकडे मंजुरीला पाठवायचे. सुनावणीच्या वेळी कागद पुरविण्यासाठी मी कोपऱ्यात बसलेला असे. एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. रस्तारुंदीत एका गृहस्थाचे दुकान अर्धे जात होते. गृहस्थ उठले आणि दुकानाविषयी अवाक्षरही न काढता भिंतीतल्या कोनाड्यातील मारुतीविषयी बोलू लागले. घटनेने आम्हाला धर्मस्वातंत्र्य दिले आहे, मारुतीरायाला धक्का लागला तर समाजाच्या भावना दुखावतील वगैरे. अध्यक्षांनी विचारले, ‘‘मारुती किती जुना?’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘पुरातन आहे साहेब.’’ मागच्या बाकावरून त्यांचेच शेजारी बोलले, ‘‘होय तर! गेल्या दिवाळीपासून!’’

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या गृहस्थाचा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. मालमत्तेचा हक्क एके काळी मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढला गेला. आता तो साधा घटनात्मक हक्क आहे. धर्माचा हक्क मात्र मूलभूतच राहिला. तेव्हा दुकान वाचवायचे तर दुकानाचे नाव न घेता देवाचे नाव घेतलेले बरे, एवढे शहाणपण कोणाही व्यापाऱ्याला वकिलावाचून सुचते. मौज अशी की, ज्यांची जागा खरोखरच धर्माची असते, त्यांना सुनावणीत बोलायला पुष्कळदा कोणी वकील नसतो, आणि हरकतीची मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली याचाही त्यांना पत्ता नसतो.

घटना काय म्हणते ते एकदा नीट पाहू. २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्याच कलमात पुढे, धर्माशी जोडलेल्या पण मुळात पैशाच्या वा व्यवहाराच्या असलेल्या गोष्टींवर सरकार नियंत्रण ठेवू शकेल, असे स्पष्ट लिहिले आहे. २६ वे कलम पंथांना आपल्या धार्मिक बाबी स्वतः पाहण्याची आणि स्थावर-जंगम मालमत्ता बाळगण्याची मोकळीक देते; मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे. १९५४ साली, म्हणजे घटना अवघी चार वर्षांची असताना, मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरून रतिलाल गांधी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की, पूजाअर्चा कशी करावी हे पंथाने ठरवावे. जमीनजुमल्याच्या कारभाराला सरकारने नियम घालावेत, पण तो कारभार पंथाच्या हातून साफ काढून घेऊ नये. आपले धर्मादाय आयुक्त त्याच रेघेवर आजवर चालत आहेत.

जमिनीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निकाल पुढे १९९४ साली, अयोध्येच्या जागेच्या संपादनावरून झालेल्या इस्माईल फारुकी खटल्यात आला. त्या निकालावर पुष्कळ रणे माजली आणि तो सर्वांना मान्य आहे असेही नाही. परंतु आम्हा नकाशेवाल्यांच्या कामाचे त्यात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा : प्रार्थना हा धर्माचा भाग असला तरी ती प्रत्येक ठिकाणी करता आलीच पाहिजे असा हक्क नाही, मात्र एखाद्या जागेलाच त्या धर्मात विशेष महत्त्व असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे ‘कुठलीही जागा’ आणि ‘तीच जागा’ हा भेद. देऊळ असो, मशीद असो की चर्च असो, सार्वजनिक कामासाठी सरकार ते संपादू शकते. पण जी जागा गेली असता आचारच बुडतो, तेथे सरकारने थबकावे. नगररचनेचे पुस्तक लिहिणाऱ्यांनी हा भेद पहिल्या पानावर छापावा असे माझे मत आहे. तसा तो कोणी छापलेला मी पाहिला नाही.

‘कुठलीही जागा’ कशी असते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. कोणत्याही शहरात एक लिंबाचे झाड धरा. त्याच्या बुंध्याशी एक दगड असतो. कोणी तरी त्याला शेंदूर फासतो. पुढच्या पावसाळ्यात दगडाभोवती ओटा होतो, कारण पूजा करणाऱ्याचे पाय चिखलात जातात. ओट्याला फरशी येते, फरशीवर जाळी येते, कारण कुत्री येतात. जाळीला कुलूप येते आणि कुलपामागोमाग दानपेटी. मग वर पत्रा, पत्र्यावर कळस, आणि एके दिवशी जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके! हिरव्या चादरीखालची पिराची ओटी किंवा चौकातला क्रूस याहून निराळ्या वाटेने वाढत नाही. यात कोणाचा एकट्याचा लबाड बेत असतो असे नाही. दर पायरीला दहा भाबडी माणसे असतात आणि एखादाच धूर्त. शेवटी अर्धा रस्ता अडतो आणि त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही.

ही छाती न होण्याची किंमत २००६ च्या मे महिन्यात बडोद्याने मोजली. रस्त्यासाठी तेथील महापालिकेने एक जुना दर्गा पाडला, दंगल उसळली आणि माणसे मेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने देशभरासाठी हुकूम दिला : यापुढे रस्ते, उद्याने व सार्वजनिक जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा यांच्या नावाने कोणतेही अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, जी आधीच झाली आहेत त्यांचा राज्यांनी एकेकाचा विचार करून निकाल लावावा. महाराष्ट्र सरकारने ५ मे २०११ च्या निर्णयाने त्यांची वर्गवारी ठरविली. काही नियमित करायची, काही हलवायची, काही पाडायची. पुढे २०१६ साली, ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या अर्जावर, मुंबई उच्च न्यायालयाने उत्सवांच्या मंडपांबद्दलही तेच सांगितले : रस्त्यावर पूजा करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. या हुकुमांत मला काही वावगे दिसत नाही. झाडाखालचा दगड पन्नास पावलांवर नेला म्हणून देव रागावत नाही. रागावतो तो पावतीपुस्तकवाला.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो दर खेपेला सांगतो की तिकडे असे अर्धा रस्ता अडविणारे देऊळ नावालाही नाही, आणि देऊळ बांधायचे म्हटले की गावच्या मंडळापुढे पहिला प्रश्न देवाचा निघत नाही, मोटारी किती येणार आणि त्या कुठे उभ्या करणार याचा निघतो. ते ऐकून मला आपल्या सुनावणीची लाज वाटे. पण तिकडेही सगळे आलबेल नाही. कॅलिफोर्नियातल्या यूबा सिटीच्या शिखांनी गुरुद्वारासाठी आधी वस्तीतली जागा मागितली, तर गोंगाट होईल म्हणून नकार. मग शेतातली जागा घेतली, तर वस्तीपासून दूर म्हणून नकार! अमेरिकेत २००० साली खास या कामासाठी कायदा झाला आहे. जमीनवापराचे नियम लावताना एखाद्याच्या धर्माचरणावर फार मोठा बोजा पडत असेल, तर सरकारने तसेच प्रबळ कारण दाखवावे, असे तो कायदा म्हणतो. त्याच्या जोरावर २००६ साली शीख मंडळींनी अपिलात दावा जिंकला.

इंग्लंडातले प्रकरण याहून गमतीचे. लंडनच्या उत्तरेला लेचमोर हीथ नावाचे एक टुमदार खेडे आहे. तेथला एक वाडा बीटल्स मंडळातील जॉर्ज हॅरिसन याने १९७३ साली कृष्णभक्तांना दिला. जन्माष्टमीला हजारो माणसे त्या चिंचोळ्या गल्लीतून लोटू लागली तेव्हा गावकरी वैतागले, आणि कौन्सिलने सार्वजनिक पूजा बंद करण्याची नोटीस काढली. भक्तमंडळी मानवी हक्कांसाठी पार स्ट्रासबूर्गपर्यंत गेली. १९९४ साली तेथेही त्यांचे गाऱ्हाणे दाखल करून घेतले नाही. प्रश्न सुटला तो १९९६ साली, आणि कसा? गावाला वळसा घालून वाड्याकडे जाणारा एक स्वतंत्र रस्ता मंजूर झाला म्हणून! हक्काच्या भांडणाने जे वर्षानुवर्षे जमले नाही ते एका रस्त्याने केले. नकाशेवाला म्हणून मला ही हकीकत फार आवडते.

आता सोलापुरात येऊ. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी येथे तळे खोदविले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली. संक्रांतीच्या सुमारास होणारी त्यांची यात्रा, आमच्या भाषेत गड्डा, ज्याने पाहिली नाही त्याला सोलापूर कळले नाही. पहिल्या दिवशी बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात उंच नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत गावाला फेरी घालतात. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला त्याची ती आठवण. तिसऱ्या दिवशी होम. ज्या मैदानावर तो होतो त्याचे नावच होम मैदान.

यातली गोष्ट लक्षात घ्या. अक्षता मैलभर दूरच्या एखाद्या प्रशस्त सभागृहात टाकता येत नाहीत. नंदीध्वजांची वाटही बदलता येत नाही, कारण लिंगे जिथे आहेत तिथे आहेत. गाव त्यांच्या अंगावर वाढले, ती गावावर आली नाहीत. ही झाली ‘तीच जागा’. पण होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, भज्यांची दुकाने, बांगड्यांच्या रांगा? त्यांच्यावाचून गड्डा म्हणजे मिठावाचून आमटी, हे मला कबूल. माझे बालपण त्या पाळण्यांत गेले आहे. परंतु घटनेच्या भाषेत ती धर्माशी जोडलेली व्यवहाराची बाब आहे. त्यांना पूर्वेकडे सरका म्हटले तर धर्म बुडत नाही.

दहा वर्षांपूर्वी, २०१५-१६ च्या सुमारास, येथे जो तंटा झाला तो नेमका या भेदावर अडला होता. गर्दीत आग लागली किंवा चेंगराचेंगरी झाली तर बंब आणि रुग्णवाहिका आत यायला मैदानातून आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवा, असा जिल्हा प्रशासनाचा आग्रह. देवस्थानचे म्हणणे, परंपरेत हात घालू नका. दोन्हीकडून ताणले गेले आणि वर्तमानपत्रांना महिनाभर खाद्य मिळाले. तंटा अक्षतांचा नव्हता, होमाचा नव्हता. तो दुकानांच्या रांगांमधून रस्ता सोडण्याचा होता. पण रस्ता मागणाऱ्याला धर्मद्रोही ठरविणे सोपे, आणि परंपरा सांगणाऱ्याला धंदेवाईक ठरविणे त्याहून सोपे. माझे स्पष्ट मत असे की, दरवर्षी डिसेंबरात मैदानावर नवा वाद घालण्यापेक्षा अक्षतांची जागा, होमाची जागा, नंदीध्वजांची वाट आणि बंबाचा रस्ता या चारही गोष्टी शहराच्या आराखड्यातच कायमच्या आखून टाकाव्यात. उरलेल्या जागेत पाळणे कुठे लावायचे ते मग देवस्थान आणि महापालिका बसून ठरवोत. माझ्या हातून गेलेल्या एकाही नकाशात मिरवणुकीची वाट मी काढली नाही. कोणी सांगितले नव्हते हे खरे. कोणी मागितलेही नव्हते.

मेलेल्यांच्या जागेविषयी थोडे बोलतो. सोलापुरात दहन करणारे आहेत तसे पुरणारेही आहेत, आणि पुरणाऱ्यांत मुसलमान आणि ख्रिस्ती जितके तितकेच आमचे लिंगायत. लिंगायतांत मृताला बसवून समाधी देतात. प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरविणे हे महापालिकेचे कायद्याने बंधनकारक काम आहे. म्हणजे ही जागा कोणी देणगी म्हणून देत नाही. पण आराखड्यात स्मशानाचे आरक्षण पडले की भोवतालच्या पिवळ्या रंगातून हरकतींचा पाऊस पडतो. गंमत ही की, कित्येक ठिकाणी दफनभूमी आधीची असते आणि स्मशानाशेजारचा म्हणून स्वस्तात मिळालेला प्लॉट नंतरचा. २०२० च्या करोनात मुंबईला वांद्र्याच्या कब्रस्तानाबाबत शेजारच्या लोकांनी, येथे साथीतले मृतदेह पुरू नका, म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला. २२ मे रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितले की, सन्मानाने मूठमाती मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रोगाची भीती खरी की शेजाराची नावड खरी, हे तपासायचे तर शास्त्र विचारावे लागते, आणि न्यायालयाने ते विचारले होते.

आणि आता वाळवंट.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातले, पण तेथला प्रश्न अवघ्या महाराष्ट्राचा. वारी म्हणजे मुळात चालणे, आणि चालायला जमीन लागते. माळशिरसच्या हद्दीत पालखी शिरली की सदाशिवनगर, खुडूस, ठाकूरबुवा, बाजीरावाची विहीर अशी एकेक रिंगणाची ठिकाणे येतात. मोकळ्या रानात घोडा धावतो आणि लाखभर माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तेथे इमारत नाही, पायरी नाही, कळस नाही. म्हणून नकाशात काही नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र अलीकडे शहाणपण सुचले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्या दोन पालखी महामार्गांच्या कामाची पायाभरणी झाली, त्यांच्या आखणीत वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पायवाट धरली आहे. पायांनी चालणाऱ्या धर्माची दखल महामार्गाच्या नकाशाने घेतली, हे मला नवलच वाटले.

देवळाभोवतीचा प्रश्न अधिक कडू आहे. १९८० च्या दशकात ‘मास्टर प्लॅन’ नावाने रस्ते रुंद झाले. तो शब्द पंढरपुरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून शिवीसारखा येतो. २०२२ पासून कॉरिडॉर हा दुसरा इंग्रजी शब्द आला आणि महाद्वाराभोवतीच्या घरांची झोप उडाली. येथे गुंता असा की, १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याखाली देवळाचा कारभार सरकारने नेमलेली समिती पाहते. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा कायमचा निकालात काढला. म्हणजे आराखडा करणारे सरकार आणि देवाच्या वतीने गर्दीची गाऱ्हाणी मांडणारी समितीही सरकारचीच. मग ज्याचे घर जाणार त्याने धर्मस्वातंत्र्य कोणाविरुद्ध मागायचे? त्याच्या हातात उरतो २०१३ चा भूसंपादन कायदा, त्यातला मोबदला आणि पुनर्वसन. गर्दी खरी आहे, चेंगरण्याची भीती खरी आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्याला ओसरी देणारी घरे आणि मठ हेही वारीचेच अंग आहे, आणि ती गेली म्हणजे रस्ता रुंद होईल पण त्या रस्त्याने आलेल्याने टेकायचे कुठे, याचे उत्तर मला कोणत्याही चित्रात दिसले नाही.

वाळवंटाची गोष्ट निराळी. तेथे पाडण्यासारखे घर नाही. चंद्रभागेच्या पात्रात वाळूवर फड लागतात, राहुट्या पडतात, रात्ररात्र कीर्तने होतात. ज्या काळी देवळाचे दार बंद होते त्या काळी चोखोबांच्या मंडळींना उभे राहायला हे वाळवंट होते. देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. तेव्हा वाळवंट ही ‘तीच जागा’ खरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण लाखो माणसे जिथे राहतात तिथे लाखो माणसांचे देहधर्मही असतात. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेतून पटकी गावोगाव जाई आणि इंग्रजी अंमलदारांचे अहवाल त्या धास्तीने भरलेले असत. औषधे आली, लशी आल्या, पटकी हटली. पण पुरेसे संडास काही आले नाहीत. एकादशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाळवंटाची जी दशा होई ती दिवाळी अंकात लिहिण्यासारखी नाही. आणि ती दशा निस्तरीत कोण? नगरपालिकेचे सफाई कामगार, हातांनी. माणसाकडून मैला उचलून घेणे १९९३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले, २०१३ च्या कायद्याने ती बंदी आणखी कडक केली. तरी वारी संपली की पंढरपुरात तीच माणसे, तेच खराटे.

या प्रथेविरुद्ध झगडणाऱ्या मंडळींनी उच्च न्यायालयात जनहित अर्ज केला. वारकरी आणि सरकार यांच्यातले हे भांडण नव्हते. एका माणसाच्या भक्तीची घाण दुसऱ्या माणसाने हातांनी का उचलायची, एवढाच प्रश्न होता. २०१४ साली न्यायालयाने वाळवंटातल्या राहुट्या आणि मंडप यांना मनाई केली आणि संडास, पाणी, राहण्याची जागा यांची सोय करा म्हणून सरकारला फैलावर घेतले. वारकरी मंडळी हादरली. वाळवंटावर कीर्तन नाही म्हणजे काय? पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांचेही ऐकले आणि यात्रांच्या मोजक्या दिवसांपुरती भजन-कीर्तनाला वाट करून दिली. राहणे आणि रांधणे मात्र पात्राबाहेर. त्यासाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ आखला गेला. पाण्याचे नळ, दिवे, संडास, दिंड्यांना वाटून दिलेले तुकडे. पंढरपुरात आता कोणालाही विचारा, ‘पासष्ट एकर’ हे ठिकाणाचे नावच होऊन बसले आहे.

एका आषाढीला मी मुद्दाम तो तळ पाहायला गेलो. मराठवाड्याकडचे एक म्हातारे विणेकरी तंबूच्या दोरीला पडशी अडकवून बसले होते. मी विचारले, ‘‘माउली, इथे बरे की वाळवंटात बरे होते?’’

ते म्हणाले, ‘‘कीर्तनाला वाळवंटच. पण बायामाणसांना इथं आडोसा हाय. आमची म्हातारी वारीत दोन-दोन दिवस जेवायची न्हाई, का ते इतक्या सालांत मला कळलं नव्हतं. इथं आल्यावर सांगितलं तिनं.’’

या उत्तरानंतर मला दुसरा प्रश्न सुचला नाही. धर्मस्वातंत्र्याच्या एवढ्या निकालपत्रांत त्या म्हातारीचा उपास कुठे बसवावा, हे सांगायला मी काही कायदेपंडित नाही. २०२० साली करोनामुळे पालख्या एस. टी.च्या गाडीतून आल्या आणि वारकऱ्यांनी आरोग्यासाठी ते सोसले. वाळवंटातून राहुट्या हलविण्याचे त्यांनी सोसले ते आधीच.

पासष्ट एकर सगळ्यांना पुरत नाही. गर्दीच्या मानाने ती जागा अपुरी आहे, ज्यांना तुकडा मिळत नाही ते मिळेल तिथे पडतात, आणि सगळ्या सवयी एका निकालाने जात नाहीत. द्वादशीला पहाटे मी घाटाने उतरलो तेव्हा नगरपालिकेची माणसे कामाला लागलेली होती. या खेपेला हातमोजे होते, बूट होते, कचऱ्याच्या गाड्या होत्या. खराट्यावर हनुवटी टेकून क्षणभर थांबलेल्या एका बाईंना मी विचारले, ‘‘बाई, तुमचे दर्शन झाले का?’’

‘‘कळसाचं घेतलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत जायला पौर्णिमा उलटावी लागती आमाला. तवर वाळू झाडायची.’’ आणि त्यांनी पुढचा पट्टा झाडायला घेतला.